ठेवणीतलं यंत्र

पंखा सुरू झाला नाही. चंद्रभागेनं बटण दाबलं तेव्हा छताशी नुसता घुमल्यासारखा आवाज आला. पाती जागची हलली नाहीत. फेब्रुवारी संपत आला होता, सकाळीच खोलीत उकडू लागलं होतं, आणि दिवाळीनंतर आज पहिल्यांदा तिला पंखा हवासा वाटला होता. तिनं बटण बंद केलं, स्टूल ओढलं, वर चढून एका पात्याला बोटानं ढकललं. पातं थोडं सरकलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. थांबताना बोटाला एक बारीक खाच लागली. ती दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती, फक्त बोटाच्या पेराला कळत होती. तिनं पातं उलटं फिरवलं. त्याच जागी खाच. मग स्टुलावर उभ्या उभ्याच तिला इमारतीची थरथर जाणवली, जी इतक्या वर्षांत जाणवेनाशी झाली होती. खाली तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. सकाळ-संध्याकाळ ती चालायची, भिंती थरथरायच्या, फळीवरची भांडी एकमेकींना हळूच लागायची. सगळा हिवाळा पंखा बंद होता आणि सगळा हिवाळा तो जागच्या जागी हादरत होता. बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी टेकून बसलेल्या, त्यांच्याखालचं वंगण हळूहळू बाजूला सरलेलं, आणि पोलादावर पोलाद घासून प्रत्येक गोळीखाली एक खळगा पडलेला. फिरता पंखा असा खराब होत नाही. फिरणाऱ्या गोळ्या जागा बदलत राहतात, आपल्याबरोबर वंगण नेत राहतात. हे न फिरण्यानंच होतं. हे तिला पुस्तकातून माहीत होतं, पण बोटाला ते आज पहिल्यांदा कळलं. आणि त्याच क्षणी तिला करंजवाडीच्या डोंगरावरच्या, वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राचा आवाज आठवला, दिवाळीच्या सुमाराला ऐकलेला: यंत्र मंदावताना आलेला एक हलका टक, मग थोड्या अंतरानं पुन्हा टक. तेव्हा तिनं तो शेपटीच्या पत्र्याचा असेल म्हणून सोडून दिला होता.

ती स्टुलावरून उतरली नाही. हात पात्यावरच होता. यंत्र रोज चालत असेल तर हा आवाज येणार नाही, असं मनात एक वाक्य सरळ उमटलं. त्याच्या पुढचं वाक्यही तयार होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही.

मुंबईच्या ज्या संस्थेत ती नोकरीला होती तिथं त्या यंत्राला ‘सागरी नमुना’ म्हणत. किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या एका खडकावर मच्छीमारांच्या होड्यांसाठी दिवा लावायचा होता, आणि तो वाऱ्याच्या विजेवर चालवायचा होता. साहेब पहिल्या बैठकीत म्हणाले होते, “समुद्रात यंत्र मोडतं ते वादळात, आणि वादळात होडी जात नाही. तेव्हा ते वीज किती देतं, हा पहिला प्रश्नच नाही. माणूस पोचू शकत नसताना ते किती दिवस निमूट चालतं, ते मला सांगा.” चंद्रभागा सहसा बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी मात्र बोलली. समुद्रात जायच्या आधी जमिनीवर असं ठिकाण आहे, म्हणाली. कर्जत तालुक्यात, कळंबच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक वाडी आहे, करंजवाडी. नदीला पूर आला की आषाढापासून भादव्यापर्यंत तिथं कुणी चढत नाही आणि तिथून कुणी उतरत नाही. वारा मात्र झाडं वाकवणारा. तुम्हाला कसं माहीत, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं आईचं माहेर कळंब, एवढंच सांगितलं. बुद्धवाडा म्हणाली नाही. त्या वाडीच्या बायका दरीतल्या झऱ्यावरून हंडे डोक्यावर घेऊन चढतात, हे लहानपणी खालून पाहिलेलं होतं, तेही बोलली नाही. पण यंत्राची वीज वाया घालवण्यापेक्षा झऱ्यावर एक लहान पंप बसवावा आणि वर टाकी बांधावी, एवढं तिनं सुचवलं. साहेब हसले. “त्यांना पाणी, आपल्याला अनुभव. ठीक आहे.” अट मात्र एकच होती आणि ती तिनंच वाडीत जाऊन सांगितली होती. यंत्र एकदा जरी बिघडलं तरी ते उतरवून तपासणीला मुंबईला न्यायचं, आणि नेलं की परत यायचं नाही. कारण सुट्या भागांचा जादा संच एकच होता, आणि तो समुद्रातल्या यंत्रासाठी राखून ठेवलेला होता.

दोन पावसाळे गेले. आत्ता जानेवारीतल्या बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं होतं, “दोन पावसाळे, एकदाही बिघाड नाही.” हे वाक्य बोलताना तिला जे वाटलं होतं त्याला आनंद म्हणता आलं असतं. फेऱ्या मोजणारा काटा पहिल्याच पावसात दमटपणानं अडकला होता आणि नवा मागूनही आलेला नव्हता; पण कुणी त्याबद्दल विचारलं नाही, कारण जो जो तिथं गेला त्या प्रत्येकाला यंत्र फिरतानाच दिसलं होतं. खडकावरच्या यंत्राला मंजुरी मिळाली. मे महिन्यात, समुद्र बंद व्हायच्या आत ते उभं राहणार होतं, याच बेअरिंगांवर, याच ब्रेकवर, तिच्या त्या एका वाक्यावर.

रविवार होता. तिनं साडी बदलली, पिशवीत पाण्याची बाटली आणि खांबावर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा घातला. संस्थेची जीप मागायची तर उद्यापर्यंत थांबावं लागलं असतं. ती आगगाडीनं नेरळला आली. गाडी पुढं कर्जतला आणि मग घाटात जाणार होती, आणि फलाटावर उभी राहून ती गाडीच्या शेवटच्या डब्याकडे उगाच बघत राहिली. घाटात ठाकुरवाडीला तिचे वडील रेल्वेत होते. रोज हातोडा घेऊन रुळाकडेनं चालायचे, सैल झालेल्या पाचरी ठोकायचे. लहानपणी तिनं त्यांना विचारलं होतं, हे रूळ चकाकतात आणि ते बाजूचे तांबडे का? बाजूचे म्हणजे घाटात एखादी गाडी बेफाम सुटली तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवायला घातलेले. त्यांच्यावरून एरवी कधी काही जायचं नाही. वडील म्हणाले होते, “त्यांच्यावरून गाडी जात नाय ना गं, म्हणून.” एवढंच. ते वारले तेव्हा ती शिकत होती. आईनं तिला शिकवलं, नोकरी लागेपर्यंत धीर धरला, आणि मग एक दिवस पेटीतून ते पांढरं लुगडं काढलं. धर्मांतराच्या दिवशी नेसलेलं. तेव्हा चंद्रभागा अकरा-बारा वर्षांची होती. पांढऱ्या कपड्यांतल्या बायांची रांग आणि त्यांत आईचा कधी नव्हे तो ताठ मानेचा चेहरा तिला आठवतो. आईनं ते लुगडं पुन्हा कधी नेसलं नव्हतं. चांगलं आहे, तुझ्या लग्नात नेसीन, म्हणायची. त्या दिवशी तिनं ते उलगडलं तर ते घडीघडीवर फाटलेलं होतं. कुठं जीर्ण नव्हतं, कुठं डाग नव्हता. फक्त जिथं जिथं घडी होती तिथं तिथं ते सरळ रेषेत तुटलं होतं. आई बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, “मी तर हातसुद्धा लावला नव्हता गं.”

तिच्या लग्नाचा प्रश्न नंतर उरलाच नाही. कमळाकर नावाचा एक माणूस होता, संस्थेतलाच. जेवणाच्या सुट्टीत समोर बसून डबा खायचा, तिच्या डब्यातली भाकरी मागून घ्यायचा. त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, परीक्षा होऊ दे. मग आईचं आजारपण होऊ दे. त्यानं पुष्कळ होऊ दिलं. नंतर त्याची बदली झाली आणि तो भेटायला आला तेव्हा दोघं हवेबद्दल बोलले. ती दुखावली गेली असं कुणाला वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही. न हलणाऱ्याला काही होत नाही असं तेव्हा तिला वाटायचं. आता एस.टी.च्या खिडकीशी बसून, हातातली पिशवी आवळून धरत ती विचार करत होती की घरं हादरतात ती दुसऱ्यांच्या गिरण्यांनी.

कळंबला ती उतरली तेव्हा उन्हाचा ताव वाढला होता. फाट्यावर कोंडीरामचं चहाचं दुकान होतं. एरवी ती जीपमधून पुढं जायची आणि तो दुकानातून हात वर करायचा. आज तो बाहेरच आला.

“बाई! यष्टीनं? साहेब लोकांची गाडी कुटं गेली?”

“आज सुट्टी आहे. मी आपली आले.”

“चा घ्या की.”

“येताना घेते.”

आणि तिनं वर पाहिलं. डोंगराचा खांदा इथून स्वच्छ दिसायचा. त्यावर खांब आणि खांबावर तीन पाती. पाती थांबलेली होती. एक सरळ वर, दोन खाली पसरलेली. कदाचित वारा नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि त्याच वेळी तिचा पदर खांद्यावरून उडाला व तिला तो धरावा लागला. दुकानावरचं पोतं फडफडत होतं. रस्त्यावरचा पाचोळा तिच्या पायांवरून धावत शेतात गेला. समुद्राकडून येणारा दुपारचा वारा सुरू झाला होता, त्या यंत्राला पुरून उरेल एवढा. तिनं पदर कमरेला खोचला आणि चालू लागली. चालताना ती मुद्दाम वर बघत नव्हती.

नदीत आता फक्त गोटे होते आणि मधे मधे साचलेलं हिरवं पाणी. पलीकडे चढ सुरू होई. जीप येताना तिची धूळ किती लांबून दिसत असेल, ते तिच्या आज लक्षात आलं. नदीच्या अलीकडे जीप सोडायची, मग पाऊण तास चढायचं. आणि वर पोचावं तो यंत्र गरगर फिरत असायचं, टाकीच्या नळातून पाणी पडत असायचं, वाडीतली भागूबाई हसत उभी असायची. प्रत्येक वेळी. तिनं एकदाही विचार केला नव्हता की प्रत्येक वेळी म्हणजे फार जास्त वेळा. वारा काही तिची वाट बघत थांबत नव्हता. कधीतरी, एखाद्या भेटीत तरी, यंत्र थांबलेलं दिसायला हवं होतं.

अर्ध्या चढावर पुढं एक बाई दिसली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. मानेची शीर ताठ, आणि उजवा पाय प्रत्येक पावलाला आधी चाचपून मग टेकवायची रीत. पायवाट दरीतून वर येत होती, झऱ्याकडून. चंद्रभागा जवळ पोचली तेव्हा त्या बाईनं मान न वळवता डोळे वळवले. ती आवडी होती, भागूबाईची सून, मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली. पंचविशीच्या आतली.

“बाई?” आवडी म्हणाली. घाबरली नाही, नुसती थांबली. “गाडी नाय वाजली.”

“मी चालत आले. तू पाणी खालून का आणतेस? टाकी रिकामी आहे?”

आवडीनं उत्तर द्यायच्या आधी एकदा वर, यंत्राकडं पाहिलं. मग ती हसली. त्या हसण्यात काय होतं ते चंद्रभागेला नीट कळलं नाही. “माझा बाप मला द्यायच्या आदी बघाया आला व्हता, तवा ही चक्की फिरत व्हती. नळाखाली हात धरून त्यानं पानी प्यालं. बोलला, पोरगी सुखात राहील. मी आले न ती थांबली.”

“मोडली?”

“मोडंल कशी? चालतच नाय तर मोडंल कशी?” आवडी म्हणाली आणि चालू लागली. हंड्यातलं पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं.

वाडीच्या तोंडाशी भागूबाई धान्य पाखडत बसली होती. चंद्रभागेला पाहताच सूप तिच्या हातात तसंच राहिलं, आणि मग ती उठून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून ओरडली, “धाकलू! अरं धाकलू! सोड रं, सोड, बाई आल्या!”

यंत्राजवळच्या सावलीत आडवा झालेला धाकलू, भागूबाईचा दीर, धडपडत उठला. यंत्राची देखभाल त्याच्याकडं होती. चंद्रभागेनंच त्याला शिकवलं होतं. तो ब्रेकच्या दांड्याकडं धावला, मग मधेच थांबून त्यानं चंद्रभागेकडं पाहिलं. ती इतक्या जवळ आली होती की आता धावण्यात अर्थ नव्हता. तो दांड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा नाही, तर देवाला नेसवताना कुणी आत आल्यावर थांबतात तसा.

“राहू दे,” ती म्हणाली.

“बाई, आत्ताच थांबवली बगा,” भागूबाई म्हणाली. “जरा वारा जास्ती झाला म्हनून.”

“वैनी, र्‍हाऊ दे आता,” धाकलू हळूच म्हणाला.

“तू गप रं. तुज्याच झोपेनं घात केला. नदीकडं डोळा ठेव म्हनलं तर डोळा मिटून बसतो.”

चंद्रभागा यंत्राभोवती फिरली. खांबाचा रंग धुतलेला, चकचकीत. बोल्टांवर गंज नाही. प्रत्येकाला तेलाचा बारीक थर. खालच्या पेटीवर एक जुनं धोतर पांघरलेलं, त्याची टोकं सुतळीनं बांधलेली. खांबाच्या पायाशी खंडेनवमीला वाहिलेली, आता वाळलेली झेंडूची माळ. आजवर तिनं एवढं जपलेलं यंत्र कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. “किती दिवस चालवत नाही?” तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, त्याचं तिला नवल वाटलं.

मग भागूबाई खाली बसली. “माज्या म्हायेरला, खालापूरकडं, अशीच आनली व्हती कुनीतरी. दिसरात चालवली लोकांनी. दोन म्हैन्यांत मोडली, न उचलून नेली. नुसतं सिमिटाचं जोतं हाय तितं आता. बकऱ्या बसतात.” तिनं सूप मांडीवर घेतलं. “तुमीच बोलला ना बाई, मोडली तर नेनार. मग आमी ठरवलं, मोडू द्यायचीच नाय. लग्न असंल, पाव्हना असंल, तुमी आल्या, का सोडायची. येरवी बांदून ठेवायची. ठेवनीतली वस्तू कुनी रोज वापरतं का?”

“पोरांना सोयरिकी येतात,” धाकलू म्हणाला. “आदी या वाडीला कुनी पोरगी देत नव्हतं. पान्याची वाडी बोलतात आता आमाला. तीन सुना आल्या.”

तीन सुना. चंद्रभागेनं झऱ्याच्या पायवाटेकडं पाहिलं. आवडी वर पोचली होती; दाराशी हंडा उतरवत होती, आणि उतरवताना उजवा पाय बाजूला ठेवून. “हिच्या पायाला काय झालं?”

भागूबाईनं सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. “भादव्यात घसरली. दरीत चिकल किती. तिसरा म्हैना व्हता. गेलं ते.” खडे वेचता वेचता ती म्हणाली, “हुईल पुना. कवळी हाय अजून.”

वारा खांबाच्या तारांतून वाजत होता. वर, ब्रेकनं आवळलेली पाती अगदी थोडी, केसाएवढी, पुढंमागं डुलत होती. ब्रेकच्या सैलपणात जेवढी जागा मिळत होती तेवढीच. सबंध पावसाळाभर, वादळात, ती अशीच डुलली असणार. दिवस न रात्र, एकाच जागी. तिनं कमरेला पट्टा बांधला, चपला काढल्या आणि खांबाच्या शिडीवर पाय ठेवला. “मी सांगेन तेव्हा ब्रेक जरा सैल कर,” ती धाकलूला म्हणाली. चढताना वाडी खाली खाली गेली. कौलं, गवताची छपरं, रिकाम्या टाकीचं उघडं तोंड, त्यात एक कावळा. वर पोचल्यावर तिनं पट्टा अडकवला, शेपटी वळवून पाती वाऱ्यापासून काढली आणि ओरडून सांगितलं. ब्रेक सुटला. तिनं पात्याच्या मुळाशी तळहात लावून ढकललं. ते सरकलं, आणि थांबलं. पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं. ही खाच बोटाला नाही, मनगटाला लागत होती, आणि मनगटातून कोपरापर्यंत येत होती. सकाळच्या पंख्याचीच खाच, मोठी झालेली. तिनं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर ते खळगे तिला दिसले, एकामागोमाग एक, वर्तुळात, नीटनेटके, आतल्या अंधारात चकाकणारे. दोन पावसाळे, एकदाही बिघाड नाही. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात.

तिला माहीत होतं आता काय होईल. हे चालवलं तर काही आठवडे चालेल, फार तर पावसापर्यंत. खळग्यांच्या कडा तुटतील, पोलादाचा चुरा वंगणात मिसळेल, मग एक दिवस जोराच्या वाऱ्यात ते अडकेल आणि आस मोडेल. नाही चालवलं तर असंच उभं राहील, धुतलेलं, पुजलेलं, आणि बायका दरीत उतरत राहतील. तिनं संस्थेत सांगितलं तर पुढच्याच आठवड्यात ट्रक येईल. नाही सांगितलं तर मे महिन्यात असंच एक यंत्र खडकावर जाईल, तिथं माणूस नसल्यानं वादळात ब्रेक आपोआप आवळला जावा असं तिनंच लिहून दिलेलं आहे, आणि तिथं वादळं चार महिने असतात, आणि खाली होड्या असतात ज्या दिव्याकडं बघून येतात. यांतलं कुठलं कमी वाईट, याचा हिशेब करायचा ती प्रयत्न करत होती, पण हात पात्यावर होता आणि हाताला एकच कळत होतं, की इथं दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिनं साहेबांना सांगायचं ठरवलं. ठरवून झाल्यावर तिला काही हलकं वाटलं नाही. फक्त खाली उतरायचं आहे हे आठवलं.

खाली तोवर अंगणात घोंगडी अंथरली होती. भागूबाईनं चहा आणला, नेहमीच्या कपात, निळ्या फुलांच्या. वाडीत सगळे पितळीत चहा पीत. हा एकच कप खुंटीवर वेगळा टांगलेला असायचा आणि तिच्याशिवाय कुणाला दिलेला तिनं पाहिला नव्हता. पाहुणीसाठी ठेवणीतला, की बुद्धवाड्यातल्या बाईसाठी वेगळा, हे तिनं दोन वर्षांत विचारलं नव्हतं. साहेब आले होते तेव्हा त्यांनी सोबत थर्मास आणला होता. आजही तिनं कप घेतला, दांडीला धरून ओठांशी नेला, प्याली. चहा गोड होता.

“कशी हाय?” धाकलूनं विचारलं.

“ऐका,” ती म्हणाली. दोन मुली आणि एक म्हातारा येऊन बसले होते. आवडी दारात उभी होती. “हे यंत्र बांधून ठेवल्यानं खराब होतं. आतल्या गोळ्या फिरल्या नाहीत की एकाच जागी घासतात. त्यांच्याखाली खळगे पडतात. पडलेत.”

मग भागूबाई म्हणाली, “म्हंजे मोडली?”

“मोडली नाही. आतून दुखावली आहे.”

“आन् मंग नेनार?”

तिनं ‘हो’ म्हणायला हवं होतं. ती बरोबर शब्द वापरणारी बाई होती; संस्थेत त्याच कारणासाठी तिला मान होता. “आज नाही नेणार,” ती म्हणाली. “आज मी सांगते ते करा. चालू द्या. दिवसरात्र. अगदी वादळ आलं तरच थांबवा. पाणी वापरा. हंडे भरा, कपडे धुवा, टाकी वाहू द्या.”

“पन दुखावलीय ना?” म्हातारा म्हणाला.

“हो. तरी चालवा. जेवढे दिवस चालेल तेवढे.”

धाकलूनं ब्रेक सोडला. पाती आधी जड हलली, मग वाऱ्यानं त्यांना धरलं, आणि हळूहळू ती तीनची एक झाली. टक आवाज आता तिला स्पष्ट येत होता. बाकी कुणाला येत नव्हता. दरीतून पंपाची घरघर वर आली. नळाला आधी हवा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. मुली ओरडल्या. घराघरांतून भांडी आली. भागूबाईनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, आणि ओले हात चंद्रभागेच्या दोन्ही गालांवरून फिरवून बोटं मोडली. आवडी सगळ्यांच्या नंतर आली. तिनं हंडा नळाखाली ठेवला आणि भरेपर्यंत पाण्याकडं न बघता पायवाटेकडं बघत राहिली. हंडा भरून वाहू लागला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

उतरताना चंद्रभागेच्या पाठीशी तो आवाज बराच वेळ येत राहिला. टक, टक. खडकावर कुणी ऐकणारही नसेल. नदी ओलांडल्यावर तो वाऱ्यात मिसळून गेला. तिनं मागं पाहिलं नाही. उद्या साहेबांसमोर उभं राहून सांगायचं वाक्य ती जुळवत होती. मी सांगितलं ते खरं होतं, पण ते यंत्राबद्दल नव्हतं. वाक्य जुळत नव्हतं. मधेच तिला वाटलं, आवडीला काही बोलायला हवं होतं. काय, ते सुचेना.

फाट्यावर कोंडीराम वाट पाहत होता. त्यानं बाकडं पुसलं, चहा ठेवला, सगळ्यांना देतो त्याच ग्लासातून. बस यायला वेळ होता. ऊन उतरलं होतं आणि वारा मात्र वाढलेला; त्यानं चुलीचा जाळ आडवा होत होता. ग्लास ओठांना लावता लावता तिनं वर पाहिलं.

पाती थांबली होती. एक सरळ वर, दोन खाली.

तिनं ग्लास खाली ठेवला. तिला वर अंगणात बसलेले दिसले, धाकलू, भागूबाई, तो म्हातारा. ते काय म्हणाले असतील तेही ऐकू आलं. लंगड्या बैलाला कुणी औताला जुंपत नाही. दुखावलीय म्हणाल्या ना बाई. बऱ्या मनाची बाई, आमच्या पाण्यासाठी म्हणाली चालवा. पण आपल्याला कळायला नको? आणि त्यांनी चक्की आणखीच जपून, आणखीच घट्ट बांधली असेल.

कोंडीरामनं तिची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि तोही डोळ्यांवर हात धरून वर बघू लागला.

“चांगली वस्तू दिली बाई तुमी,” तो म्हणाला. “दोन वरसं झाली की. आमी तर सगळ्यांना सांगतो. एकदा बी बिघडली नाय.”